कशाला हवी, ते आधी विचारा

पुण्याहून भुगाव ओलांडून पिरंगुटकडे निघालं की रस्त्याच्या कडेला काचेची मोठी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं लागतात. आत गार हवा, भिंतभर चालू टीव्ही, दारात हसून स्वागत करणारा मुलगा. पाऊण लाखाचा टीव्ही तिथे चहा थंड व्हायच्या आत विकला जातो, हप्ते बांधून मिळतात, माल घरपोच येतो. पण त्या टीव्हीला लागणारी केबल मागा. साधी नको, एका ठरावीक कामाची मागा. मग त्या सगळ्या झगमगाटात एक माणूस असा सापडत नाही, ज्याला त्या केबलच्या आत काय आहे ते माहीत आहे.

माझी तक्रार वागणुकीची नाही. ही मुलं गोड बोलतात, प्रत्येक वाक्याला ‘सर’ लावतात, पाणी विचारतात. मला पाणी नको होतं. मला केबल हवी होती आणि ती काम करेल की नाही याचं खरं उत्तर हवं होतं.

मुठा खोऱ्यातल्या एका प्राथमिक शाळेला देणगीतून मोठा टीव्ही मिळाला. तिथल्या बाईंचा लॅपटॉप नव्या धाटणीचा, पातळ. त्याला एचडीएमआयचं तोंडच नाही, आहे ते फक्त टाइप-सी. बाईंना चौथीच्या मुलांना सूर्यमाला टीव्हीवर दाखवायची होती. म्हणजे लॅपटॉपच्या टाइप-सीतून चित्र आणि आवाज टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये नेणारी केबल पाहिजे. रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात मी ती मागितली.

मुलाने हुकावरून एक पाकीट काढून हातात दिलं. दोन्ही टोकांना टाइप-सी.

‘‘ही चार्जिंगची दिसते. मला लॅपटॉपवरचं चित्र टीव्हीवर न्यायचंय.’’

‘‘टाइप-सीच आहे ना सर? चालून जाईल.’’

‘‘टीव्हीला टाइप-सी नाही. एचडीएमआय आहे.’’

‘‘मग पुढे कन्व्हर्टर लावा सर. तोही आहे आपल्याकडे.’’

‘‘या केबलमधून चित्र जातं का?’’

‘‘सगळे हीच नेतात सर.’’

शेजारी लॅपटॉपांची रांग होती, समोर टीव्हींची भिंत. मी म्हटलं, इथेच लावून दाखव. लॅपटॉप कुलपाच्या तारेने बांधलेले आहेत, टीव्ही डेमोवर आहेत, पाकीट फोडलं तर घ्यावंच लागेल, असं उत्तर आलं. मी वरिष्ठांना बोलवायला सांगितलं. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, पाठीमागचं बारीक इंग्रजी वाचायचा प्रयत्न केला आणि सांगितलं, ‘‘सर, असलं काही असेल तर ऑनलाइन मागवा.’’

विजेच्या आणि डेटाच्या वस्तू विकणारं दुकान गिऱ्हाइकाला घरी जाऊन मोबाइलवर शोध म्हणून सांगतं, तेव्हा त्या दुकानाची गरज काय, हे त्याच्या मालकाने स्वतःला विचारावं.

मी का हटून बसलो, ते सांगतो. टाइप-सीचं तोंड २०१४ साली आलं. आत चोवीस संपर्क, कसंही उलटंसुलटं घाला, बसतंच. युरोपने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या मोबाइलना हेच तोंड सक्तीचं केलं. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३मध्ये टाइप-सीचं भारतीय मानक प्रसिद्ध केलं. त्यामुळे लोकांची समजूत झाली की आता एकच केबल सगळ्याला चालते. तोंड एक झालं, आतल्या तारा एक झाल्या नाहीत. स्वस्तातल्या टाइप-सी केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा असतात आणि डेटासाठी जुन्या यूएसबी २.०ची एक जोडी असते. तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. चित्र नेण्यासाठी लागणाऱ्या वेगवान जोड्या त्यात घातलेल्याच नसतात. ती केबल कितीही वेळ लावून बसा, पडदा काळाच राहणार.

आणखी एक सापळा आहे, आणि त्यात जास्त पैसे देणारा माणूसच अडकतो. टाइप-सीच्या साध्या केबलमधून तीन अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत वीज नेता येते. त्याहून जास्त न्यायची तर केबलच्या टोकात एक छोटी चिप लागते. ती चार्जरला सांगते की मी पाच अँपिअर पेलू शकते. अशी केबल २४० वॉटपर्यंत जाते. महाग असते, जाड असते, पाकिटावर आकडा मोठा असतो. पण तो आकडा विजेचा. त्याच केबलमधली डेटाची जोडी जुन्या ४८०चीच असू शकते. मोठा आकडा बघून, जास्त पैसे मोजून घरी आलेल्या माणसाला टीव्हीवर काहीच दिसत नाही, आणि तो समजतो लॅपटॉप बिघडला. मग लॅपटॉप दुरुस्तीला जातो. मी हे घडताना पाहिलं आहे.

बरं, केबल बरोबर असली तरी लॅपटॉपच्या त्या तोंडातून चित्र बाहेर येतं का, हेही बघावं लागतं. सगळ्या टाइप-सी तोंडांतून येत नाही. तोंडाशेजारी बारीक खूण असते, नाहीतर मॉडेलच्या माहितीत लिहिलेलं असतं. आणि टाइप-सीकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल सहसा एकाच दिशेने चालते. उलटी लावून सेटटॉप बॉक्सचं चित्र लॅपटॉपवर आणता येत नाही. यातली एकही गोष्ट अवघड नाही. मन लावून एका दुपारी शिकवली तर बारावी झालेल्या कुठल्याही मुलाला येईल. प्रश्न आहे तो शिकवण्याचा.

या मुलांना शिकवत नाहीत असं नाही. हप्त्याची योजना कशी समजावायची, वाढीव वॉरंटी कशी गळ्यात मारायची, कुठल्या टीव्हीवर या महिन्यात इन्सेन्टिव्ह आहे, हे त्यांना पाठ असतं. मोठ्या दुकानांत टीव्हीसमोर उभे असलेले पुष्कळ जण तर दुकानाचे नोकरही नसतात; ते त्या त्या कंपनीचे प्रमोटर. त्यांचं टार्गेट त्यांच्या कंपनीच्या टीव्हीवर. केबलच्या हुकांची भिंत कुणाचीच नाही. ज्याला दुसरं काम नाही तो तिथे येऊन उभा राहतो.

म्हणून माझा राग त्या मुलावर नाही. तो कोळवणचा किंवा मालेचा असेल, शेती पुरत नाही म्हणून दुचाकीवरून रोज इथे येत असेल, आठवड्यातून एक सुट्टी आणि तीही रविवारी नाही. ‘मला माहीत नाही’ असं त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं तर वरचा त्याला बोलणार. तेव्हा तो ‘चालून जाईल’ म्हणतो. माझा राग आहे मालकावर. टीव्ही-मोबाइलवर दुकानाला फारसं सुटत नाही. खरी कमाई कव्हर, चार्जर, केबल अशा बारीकसारीक मालावर होते, हे धंद्यातला कुणीही सांगेल. जिथून कमाई होते तिथेच जाणता माणूस ठेवायचा नाही, हा हिशेब मला बेइमानीचा वाटतो.

कारण जाणते विक्रेते असतात कसे, हे याच मुळशी तालुक्यात रोज बघायला मिळतं. पौडच्या बाजारातल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मार्च-एप्रिलमध्ये जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. ताम्हिणीच्या अंगाला पावसाळ्यात छत्री टिकत नाही असा पाऊस, आणि होळी उलटली की लोक बोअरवर. मोटर जळते, केबल तुटते, शेतकरी घाईत येतो.

‘‘काका, मोटारीची केबल द्या. दीड एमएम.’’

काका केबलच्या बंडलाला हात लावत नाहीत. आधी विचारतात.

‘‘मोटर किती एचपीची?’’

‘‘पाच.’’

‘‘बोअर किती फूट? मोटर कितीवर सोडलीय?’’

‘‘तीनशेचं. दोनशे साठवर असंल.’’

‘‘स्टार्टर कुठं? बोअरपाशी का घरात?’’

‘‘घरात. दीडदोनशे फूट धरा.’’

‘‘आन् जोड पाण्यात येणार का वर?’’

मग काका म्हणतात, ‘‘दीड नको नेऊ. अडीच ने, नाहीतर पुन्हा मोटर घेऊन येशील.’’

त्या प्रश्नांमागे सगळं शास्त्र आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ते १३ ओहम. अडीचच्या तारेचा त्याच्या साठ टक्के. अंतर वाढलं की तारेतच व्होल्टेज गळतं. खेड्यात डीपीवरून येणारं व्होल्टेज उन्हाळ्यात आधीच पडलेलं असतं, त्यात सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. खाली मोटारीपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचलं नाही की ती जास्त प्रवाह ओढत राहते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. मग अडीचशे फुटांवरून पाइप काढा, मोटर रिवाइंडिंगला न्या, तोवर पिकाला पाणी नाही. बारीक केबल घेऊन वाचवलेले पैसे मोटर वर काढणाऱ्यांच्या मजुरीतच जातात.

काका शिकलेत किती, मला ठाऊक नाही. ओहमचं कोष्टक त्यांच्या भिंतीवर नाही. पण वस्तू हातात देण्याआधी ती कुठे लागणार हे विचारायचं, इतकं त्यांना पक्कं कळतं. त्यांच्याकडे नसली तर ते ‘नाही’ म्हणतात आणि कुठे मिळेल ते सांगतात. त्यांना माहीत असतं की पुढच्या हंगामात हाच माणूस पुन्हा आपल्याच दारात येणार आहे. मोठ्या दुकानातल्या मुलाची पुढच्या हंगामात बदली झालेली असते, नाहीतर त्याने नोकरी सोडलेली असते.

कारखानदारांची गत आणखी वाईट. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोलीच्या पट्ट्यात छोटी वर्कशॉप्स आहेत, त्यांतल्या काहींत जुन्या सीएनसी मशिन अजून ठणठणीत चालतात. संगणकावरून त्यांना प्रोग्रॅम पाठवायचा तर आरएस-२३२ची केबल लागते. हे मानक १९६० सालचं, पण त्या मशिनना दुसरी भाषा येत नाही. संगणकाकडे ९ पिना, मशिनकडे २५. गंमतीचा भाग नाही, जीव खाणारा भाग असा की ९ पिनांच्या टोकात २ नंबरवर डेटा आत येतो आणि २५ पिनांच्या टोकात २ नंबरवरून तो बाहेर जातो. शिवाय काही पिना टोकातच एकमेकींना जोडून घ्याव्या लागतात, नाहीतर मशिन तयार असल्याचा निरोप संगणकाला मिळत नाही. एक जोड चुकला की पडद्यावर नुसती एरर. अशी केबल मागायला गेलेल्या एका वर्कशॉपवाल्याच्या हातात दुकानातल्या मुलाने मॉनिटरची व्हीजीए केबल ठेवली. बाहेरचं कवच दोन्हींचं एकाच मापाचं, तेव्हा दिसायला सारखी. आत ९ऐवजी १५ पिना. त्याने पिना मोजून दाखवल्या तेव्हा उत्तर आलं, जोरात दाबली तर बसेल.

जोरात दाबली असती तर संगणकाच्या पोर्टाच्या पिना वाकल्या असत्या आणि मशिनला प्रोग्रॅम पाठवणंच थांबलं असतं. त्या मशिनवर चार माणसांचं घर चालतं.

शेवटी सगळे जातात पुण्यातल्या तापकीर गल्लीत. बुधवार पेठेतल्या त्या अरुंद बोळात बसायला खुर्ची मिळत नाही, कुणी ‘सर’ म्हणत नाही, गाडी लावायला जागा नाही. पण काउंटरपलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो: दुसऱ्या टोकाला काय आहे? तुम्ही फोटो दाखवता, तो बघतो, पिना मोजतो, आणि सांगतो की तयार नाही, पण संध्याकाळपर्यंत सोल्डर करून देतो. तिथे मला तुटक उत्तरं मिळाली आहेत आणि त्यांचा मला कधी राग आला नाही, कारण ती बरोबर होती. पण पौडच्या पुढच्या माणसाला त्या गल्लीत जायचं म्हणजे भुगावची कोंडी, चांदणी चौक, कोथरूड आणि मग लक्ष्मी रस्त्याची गर्दी. अख्खा दिवस मोडतो. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३मध्ये खुला झाला, म्हणून भुगावातली रांग काही सरली नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक दिवस एका केबलसाठी खर्ची पडतो, आणि हा खर्च दुकानाच्या बिलात कुठेच दिसत नाही.

आणि हे कुठे घडतंय? हिंजवडी आणि माण मुळशी तालुक्यातच येतात. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारतींत बसून जगभरच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारी माणसं इथली. त्याच तालुक्यात, डोंगराच्या या बाजूला, शाळेतल्या बाईंना एका केबलचं नीट उत्तर मिळत नाही. ज्ञान तालुक्यात भरपूर आहे. ते काउंटरपर्यंत आणायला कुणी तयार नाही.

आता दुकानदारांना थोडं कायद्याचं सांगतो, कारण ‘चालून जाईल’ हे बोलणं वाटतं तितकं फुकट नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२०पासून लागू आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणं हा त्यात ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिला आहे. वस्तू अमुक दर्जाची आहे किंवा अमुक उपयोगाची आहे असं खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि कायद्याने त्यात तोंडी सांगितलेलंही धरलं आहे. काउंटरवर उभं राहून ‘यातून चित्र जातं’ असं म्हणालात की ते बोलणं तुम्हाला बांधून ठेवतं. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा तीस दिवस धरतो. तेव्हा बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारून कुणी सुटत नाही. बिल न देणं हीही त्याच यादीतली गोष्ट.

ग्राहकाच्या बाजूने उभं राहण्याची परंपरा तर याच जिल्ह्यातली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली आला. सातशे रुपयांच्या केबलसाठी जिल्हा आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार, हे मला समजतं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, तरी जाण्या-येण्यातच जीव जातो. पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक घरबसल्या फिरवता येतो. तो फिरवला पाहिजे. एकट्या माणसाने फिरवून दुकान सुधारणार नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक फसलेल्या माणसाने फिरवला तर मालकाला काउंटरकडे बघावंच लागेल.

मालकांकडून माझी मागणी मोठी नाही. केबलच्या भिंतीशेजारी एक टेबल ठेवा. त्यावर एक जुना मॉनिटर, एक टाइप-सी तोंडाचा लॅपटॉप, विजेचा दाब आणि प्रवाह दाखवणारा एक छोटा मीटर. हा सगळा खर्च तुमच्या दारावरच्या दिव्यांच्या पाटीहून कमी आहे. गिऱ्हाइकाने केबल तिथे लावून बघावी, चालली तर पैसे द्यावेत. प्रत्येक हुकावर मराठीत एक चिठ्ठी लावा: या केबलमधून चित्र जातं की नाही, किती वॉट पेलते, डेटाचा वेग किती. कंपनीने पाकिटावर इंग्रजीत छापलेलं असतंच, ते मराठीत उतरवायला एक संध्याकाळ पुरते. आणि त्या मुलाला मोकळीक द्या की त्याला उत्तर ठाऊक नसेल तर त्याने तसं सांगावं, आणि पौडच्या काकांसारखं विचारावं, ‘कशाला हवीय?’ त्या दिवशी दुकानात कुणीतरी मला इतकं विचारलं असतं तरी मी समाधानाने बाहेर पडलो असतो, केबल मिळाली नसती तरीसुद्धा.

तोवर वाचकांनी एक करावं. केबल घेताना ती कुठून कुठे लावायची आणि काय न्यायचं आहे, ते बिलावर लिहून मागावं. ‘लॅपटॉपच्या टाइप-सीतून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये चित्र व आवाज.’ ‘पाच एचपी मोटर, साडेचारशे फूट.’ एक ओळ. दुकानदार ती ओळ लिहायला तयार नसेल, तर पाकीट त्याच हुकावर परत अडकवावं आणि पुढचं दुकान गाठावं.